कुत्र्याला ब्रेसेस? हसण्याआधी त्याचा ओठ उचलून बघा

कुत्र्याच्या दातांवर तार बसवल्याची एखादी रील तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेली असेल. तिच्याखाली कमेंट्सचे दोन गट ठरलेले. एक ‘ऑऽऽ, सो क्यूट’वाला. दुसरा ‘इथे माणसांना दाताचा डॉक्टर परवडत नाही आणि यांच्या कुत्र्याला ब्रेसेस’वाला. दोन्ही गट आपापल्या जागी खूश असतात, रील पुढे सरकते आणि विषय संपतो.

पण गंमत अशी, की एकमेकांवर तुटून पडणारे हे दोन्ही गट एक गोष्ट मात्र मुकाट्याने धरून चालतात. ती म्हणजे, दात सरळ करायचे ते दिसण्यासाठी. आपल्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. अकरावी-बारावीत ब्रेसेस लावून फिरलेल्यांना विचारा. ‘चावायला त्रास होतो’ म्हणून किती जण गेले होते आणि ‘फोटोत तोंड मिटून हसावं लागतं’ म्हणून किती जण? कुत्र्याला मात्र ना आरसा, ना सेल्फी, ना लग्नाचा बायोडेटा. मग त्याचा एखादा दात वाकडा आला, तर बिघडलं कुठे?

बिघडतं. फार बिघडतं. पण ते ओठांच्या आत बिघडतं, म्हणून आपल्याला कळत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायचं तर तुम्हाला सोयीचं पडेल. वाकड्या दातामुळे कुत्र्याला दुखत असेल, तर त्यावर उपचार व्हायलाच हवेत आणि त्याला ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणणं आपण थांबवायला हवं. दुखत नसेल, दात कुठे टोचत-घासत नसेल, तर तो कितीही वेडावाकडा असू दे, केवळ दिसण्यासाठी त्याला हात लावू नये. आणि हे दोन्ही ठरवण्याआधी, हा वाकडेपणा आला कुठून, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. कारण त्याचं उत्तर बऱ्याचदा आपल्याच आवडीनिवडीत सापडतं.

एका सेमिस्टरचा कारभार

थोडं दातांचं गणित बघू. पिल्लाला दुधाचे दात २८ असतात. जन्मानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ते डोकवायला लागतात आणि पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत सगळे आलेले असतात. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत त्यांच्या जागी पक्के दात येतात. एकूण ४२. आपले अक्कलदाढा धरूनही ३२च. आपल्याला दुधाचे दात बदलायला पाच-सहा वर्षं लागतात. कुत्र्याचा हाच कारभार जेमतेम एका सेमिस्टरमध्ये उरकतो. त्यामुळे तिथे काही चुकत असेल, तर ते दुरुस्त करायला वेळही तेवढाच मिळतो.

आता हे दात एकमेकांवर बसतात कसे? निरोगी कुत्र्याचं तोंड बंद असताना वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे येतात, कात्रीच्या दोन पात्यांसारखे. सगळ्यात महत्त्वाचे चार सुळे. खालचा सुळा थोडासा बाहेरच्या बाजूला झुकलेला असतो आणि तोंड मिटलं, की तो वरच्या सुळ्याच्या अगदी पुढे असलेल्या फटीत जाऊन बसतो. म्हणजे निसर्गाने त्याच्यासाठी पार्किंगची जागा राखूनच ठेवलेली असते.

पण समजा, हा खालचा सुळा बाहेर झुकण्याऐवजी सरळ वर आला, किंवा आतल्या बाजूला कलला. मग त्याला ती फट सापडत नाही. तोंड मिटताना तो जातो थेट टाळूत. कुत्र्यांच्या दातांच्या तक्रारींमध्ये ही अगदी ओळखीची तक्रार आहे. जबड्याची लांबी व्यवस्थित असतानाही एखादा दातच भरकटला म्हणून हे होऊ शकतं, किंवा खालचा जबडाच आखूड वा अरुंद असल्यामुळेही होऊ शकतं.

चपलेतून वर आलेल्या खिळ्याची कल्पना करा. पाऊल टाकलं की टोचणार. फरक इतकाच, की आपण चप्पल काढून हातात घेऊ शकतो. पिल्लाला तोंड काढून ठेवता येत नाही. जेवताना, पाणी पिताना, भुंकून झाल्यावर, झोपेत, दर वेळी तोंड मिटलं की तोच दात त्याच जागी. हळूहळू टाळूला खड्डा पडतो. त्यात अन्नाचे कण आणि केस अडकतात, जखम चिघळते. लक्षच दिलं नाही, तर पुढे टाळूला आरपार भोक पडून तोंड आणि नाक यांच्यात वाट तयार होऊ शकते. मग खाल्लेलं-प्यायलेलं नाकात जातं, शिंका येतात, नाक वाहत राहतं आणि घरचे ‘सर्दी जातच नाही याची’ म्हणून औषधं बदलत बसतात.

आता सांगा, यात ‘क्यूट’ काय आहे आणि ‘चोचले’ काय आहेत?

‘खातोय ना नीट?’

कुत्र्याच्या दुखण्याबद्दल आपल्याकडे एक वाक्य घराघरांत ऐकू येतं. ‘खातोय ना नीट? मग काही झालेलं नाही त्याला.’ आई म्हणते, आजोबा म्हणतात, आपणही म्हणतो. आपल्या लेखी भूक म्हणजे तब्येतीचं प्रमाणपत्र!

पण तोंड दुखत असतानाही कुत्रा खातो. भूक लागते म्हणून खातो. दाढ ठणकत असताना आपणही दुसऱ्या बाजूने वडापाव चावतोच की! त्यात ज्या पिल्लाच्या टाळूला पहिल्यापासूनच दात टोचतोय, त्याला न दुखणारं तोंड कसं असतं हेच माहीत नसतं. तक्रार करायला आधी तुलना करता यायला हवी ना?

त्यामुळे लक्ष ठेवायचं ते वेगळ्या गोष्टींवर. पिल्लू पंजाने तोंड घासतंय का? खेळण्यावर रक्ताचे ठिपके दिसतात का? घास तोंडातून परत खाली पडतोय का? एकाच बाजूने चावतोय का? तोंडाला हात लावू देत नाही, डोकं मागे घेतो, असं काही आहे का? तोंडाला उग्र वास येतो का? यातल्या अनेक गोष्टींना आपण ‘स्वभाव’ म्हणून मोकळे होतो. ‘आमचा थोडा चिडका आहे हं.’ असेलही. पण कदाचित तो चिडका नसेल, वैतागलेला असेल.

आमच्या सोसायटीत एक पॉमेरेनियन आहे. वरती दोन्ही बाजूंना दोन-दोन सुळे, एकाला एक चिकटून. पोरं त्याला ‘ड्रॅक्युला’ म्हणतात आणि तोही लाडात येऊन दात दाखवतो. हे दोन सुळे म्हणजे एक दुधाचा न पडलेला आणि दुसरा त्याच्या शेजारून उगवलेला पक्का. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा छोट्या जातींमध्ये हे सर्रास दिसतं. यात दोन भानगडी होतात. एक, त्या दोन दातांच्या बेचक्यात अन्न अडकून हिरड्या खराब होतात. दोन, दुधाचा दात जागा अडवून बसल्यामुळे पक्का दात चुकीच्या जागी येतो. वरचा पक्का सुळा दुधाच्या सुळ्याच्या पुढून येतो आणि खालच्या सुळ्यासाठी राखलेली ती फटच अडवतो. खालचा पक्का सुळा आतल्या बाजूने येतो, म्हणजे टाळूच्याच दिशेने.

यासाठी लक्षात ठेवायचा नियम इतका सोपा आहे, की तो प्रत्येक पिल्लाच्या लसीकरणाच्या कार्डावर छापायला हवा. एकाच जागी, एकाच प्रकारचे दोन दात एकाच वेळी असता कामा नयेत. दिसले, तर ‘पडेल आपोआप’ म्हणत महिनोन्‌महिने थांबायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं.

तार ही यादीतली एक ओळ

‘कुत्र्याचे दात नीट करणं’ म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर थेट ब्रेसेस येतात. प्रत्यक्षात बऱ्याच कुत्र्यांच्या वाट्याला तार येतच नाही.

पिल्लू अगदी लहान, दोन-तीन महिन्यांचं असेल आणि दुधाचा सुळा टाळूत रुतत असेल, तर बहुतेकदा तो दुधाचा दातच काढून टाकतात. त्याने टोचणं लगेच थांबतं. शिवाय वरचा आणि खालचा जबडा वेगवेगळ्या वेगाने वाढत असतात. खालचा सुळा टाळूच्या खड्ड्यात अडकून बसला, तर खालच्या जबड्याच्या वाढीलाच खीळ बसू शकते. दात काढल्याने जबडा वाढेलच याची हमी कुणी देत नाही, पण वाढायचा असेल तर त्याची वाट मोकळी होते. अर्थात हे काम पकडीने उपटण्याइतकं सोपं नाही. दुधाच्या सुळ्याचं मूळ लांब आणि नाजूक असतं आणि पक्क्या दाताचा कोंब त्याला खेटूनच वाढत असतो.

पक्के सुळे येत असताना कल थोडाच असेल आणि दाताला बाहेर सरकायला जागा असेल, तर डॉक्टर कधी कधी एक मजेशीर उपाय सांगतात. रबरी चेंडू! योग्य मापाचा चेंडू पिल्लू तोंडात धरून बसलं, की दोन्ही सुळ्यांवर बाहेरच्या दिशेने हलका दाब पडत राहतो. उपचार म्हणजे अक्षरशः खेळ. पण माप चुकलं किंवा केसच वेगळी असली तर उपयोग शून्य, म्हणून हा प्रयोगही विचारूनच.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे वरच्या दातांवर बसवलेली ॲक्रिलिकची छोटी उतरती पट्टी. तोंड मिटताना खालचा सुळा त्या उतारावरून घसरत बाहेर जातो. घसरगुंडीच म्हणा ना! वरचा सुळा भाल्यासारखा पुढे आलेला असेल (शेटलंड शीपडॉग ही जात यासाठी प्रसिद्ध आहे), तर त्याला बटण चिकटवून मागच्या दाढांशी लवचिक साखळीने ओढतात. रीलमध्ये ‘ब्रेसेस’ म्हणून दिसतं ते साधारण हे.

आणि जिथे दात सरकवण्यात अर्थ नाही, तिथे आणखी दोन पर्याय आहेत. सुळ्याची उंची कमी करून आतल्या जिवंत गाभ्यावर औषध भरून तो बंद करायचा, किंवा दात सरळ काढून टाकायचा. ‘टोक कापायचं ना, मग नेलकटरने कापू’ असा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल, तर तो तिथेच मारा. सुळ्याच्या आत रक्तवाहिन्या आणि नसा असतात. नुसतं टोक कापणं म्हणजे नस उघडी पाडून जंतूंना दार उघडून देणं. तसंच घरगुती रबरबँडचं. दाताला अडकवलेला साधा रबरबँड सरकत सरकत हिरडीखाली जातो आणि मुळापर्यंत रुतत जातो. इंटरनेटवर बघून दात सरळ करायचा हा विषय नाही.

या सगळ्यात एक अडचण मात्र कायम आहे. कुत्र्याला ‘आ कर’ म्हणता येत नाही. दातांचा एक्स-रे, पट्टी बसवणं, दात काढणं, जवळजवळ प्रत्येक गोष्टीला त्याला भूल द्यावी लागते. आपल्याला डॉक्टर सांगतात, ‘कडक खाऊ नका, रोज घासा, दर महिन्याला दाखवा.’ कुत्र्याला हे कोण समजावणार? म्हणून चांगला पशुदंतवैद्य कमीत कमी वेळा भूल देऊन काम होईल असा मार्ग शोधतो. सहा महिने साखळी ओढत बसण्यापेक्षा एकदाच दात काढून कुत्रा सुखी होत असेल, तर दात काढणं हाच चांगला उपचार. ‘एक दात कमी दिसेल’ ही काळजी आपली आहे, त्याची नाही. अमेरिकेतल्या पशुदंतवैद्यांच्या संस्थेची भूमिकाही अशीच आहे. प्राण्याला न दुखणारं आणि काम करणारं तोंड मिळायला हवं, देखणं नव्हे.

आपल्या ब्रेसेसमागचा कुत्रा

‘माणसांच्या गोष्टी कुत्र्यांना कशाला?’ असं विचारणाऱ्यांसाठी इतिहासातली एक गोष्ट. दातावर सतत हलका दाब दिला तर तो हाडातून सरकतो कसा, हे आज ऑर्थोडोंटिक्सच्या पहिल्याच धड्यात शिकवतात. दाब पडतो त्या बाजूचं हाड विरघळतं, ताण पडतो त्या बाजूला नवं हाड तयार होतं आणि दात जागा बदलतो. हे सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा नीट दाखवून देणाऱ्यांपैकी एक होते स्वीडनचे कार्ल सँडस्टेड. १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे प्रयोग झाले होते कुत्र्यांवर. कुत्र्यांच्या दातांना तार लावून ते दात सरकवून पाहिले गेले.

म्हणजे तुमच्या-माझ्या सरळ दातांच्या मागे, शंभरेक वर्षांपूर्वीच्या काही कुत्र्यांची तोंडं आहेत. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तेच ज्ञान आता एखाद्या पिल्लाच्या टाळूतला खिळा काढायला वापरलं, तर ‘माणसांचं कुत्र्यांना दिलं’ असं कसं म्हणता येईल? झालंच तर थोडी परतफेड होतेय.

पण शोसाठी? अजिबात नको

आता दुसरी बाजू. डॉग शोमध्ये दातांना मार्क असतात. शोमध्ये जिंकलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना भाव येतो. त्यामुळे ‘जरा दात सरळ करून द्या डॉक्टर, शो आहे’ असं म्हणणारी मंडळी जगभर आहेत. इथे माझा पाठिंबा संपतो.

कारण जबड्याची ठेवण बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. तार लावून दात सरळ झाला, तरी पिल्लांमध्ये जाणारे जीन्स होते तसेच राहतात. बाहेरून ‘परफेक्ट’ दिसणारा तो कुत्रा प्रजननासाठी वापरला गेला, तर त्याची पिल्लं तोच वाकडा सुळा आणि तेच दुखणं घेऊन जन्माला येऊ शकतात. फक्त तोवर तो दोष कुणाला दिसलेला नसतो. साध्या मराठीत याला फसवणूक म्हणतात. अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांनुसार, कृत्रिम उपायांनी रूप बदललेला कुत्रा शोमध्ये उतरवता येत नाही. अमेरिकेतली पशुवैद्यकांची संघटना तर आणखी स्पष्ट बोलते. दाखवण्यासाठी, विकण्यासाठी किंवा प्रजननासाठी आनुवंशिक दोष लपवणारी शस्त्रक्रिया करणं अनैतिक आहे. प्राण्याच्या आरोग्यासाठी ती करावी लागलीच, तर त्याचं निर्बीजीकरण करावं, अशी त्यांची शिफारस आहे.

मला हा नियम फार योग्य वाटतो. दुखणं असेल तर जरूर बरं करा. पण दोष आनुवंशिक असेल, तर त्याच कुत्र्यापासून पिल्लं घेऊन तेच दुखणं पुढच्या पिढीला विकू नका. आपल्याकडेही डॉक्टर आणि पालक, दोघांनी हे एकत्रच ठरवायला हवं.

४२ दात आणि एक खोली

आता तो अवघड प्रश्न. वाकडेपणा आला कुठून?

पगचं तोंड आठवा. चपटं नाक, मोठाले डोळे, सुरकुत्या. त्या आखूड जबड्यातही दात ४२च यायला बघतात. दहा बाय दहाच्या खोलीत बारा माणसं झोपली, की कुणी आडवं, कुणी तिरकं, कुणाचे पाय कुणाच्या अंगावर. पग, बुलडॉग, शिह त्झू यांच्या तोंडात दाढांचं नेमकं हेच होतं. दात फिरतात, एकमेकांवर चढतात, मध्ये घाण साचते. खालचा जबडा वरच्याच्या पुढे येतो. गंमत बघा, जर्मन शेफर्डमध्ये खालचा जबडा असा पुढे आला तर तो दोष, पण बुलडॉग आणि बॉक्सरच्या बाबतीत जातीच्या प्रमाण वर्णनातच तो अपेक्षित. एकीकडे ज्याला आजार म्हणायचं, दुसरीकडे त्यालाच सौंदर्य. आणि हे ठरवलं कुणी? माणसांनी.

आपल्या शहरांत पग का वाढले, हे तुमच्या आई-बाबांना विचारा. २००३च्या सुमारास ‘हच’ या मोबाइल कंपनीची एक जाहिरात आली होती. छोट्या मुलाच्या मागे-मागे जाणारा एक पग. देश त्या कुत्र्याच्या प्रेमात पडला आणि घराघरांत तसंच पिल्लू हवं झालं. जाहिरातीत त्याचा श्वास ऐकू येत नव्हता. ज्यांनी मे महिन्यात नागपूरच्या किंवा सोलापूरच्या उन्हात पग पाळलाय, त्यांना तो ऐकू आलाय. आज जाहिरातीची जागा रील्सनी घेतलीय, बाकी गोष्ट तीच. आपण डबल टॅप करतो, मागणी वाढते, मागणीसाठी आणखी चपटं तोंड जन्माला घातलं जातं आणि मग त्या तोंडातल्या दातांसाठी आपण डॉक्टर शोधतो.

काही देशांनी यावर कायद्याची वाट धरलीय. नेदरलँड्समध्ये अतिआखूड नाकाच्या कुत्र्यांच्या प्रजननावर कडक निर्बंध आहेत. नॉर्वेत २०२२ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने बुलडॉग आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या दोन जातींचं प्रजनन प्राणी कल्याण कायद्याच्या विरोधात जातं, असा निकाल दिला. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कॅव्हेलियरपुरता कायम ठेवला. आपल्याकडे २०१७ चे श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम आहेत. त्यानुसार ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आता एक काम करा. पिल्लं विकणारं कुठलंही इन्स्टा पेज उघडा आणि डीएममध्ये दोनच प्रश्न विचारा. ‘रजिस्ट्रेशन नंबर काय?’ आणि ‘पिल्लाचं वय किती?’ पुढे रिप्लाय येतो का बघा.

आठ आठवड्यांचा नियम दातांसाठी केलेला नाही, पण तो दातांच्याही कामाचा आहे. तोवर पिल्लाचे दुधाचे दात आलेले असतात. म्हणजे घेण्याआधीच ओठ उचलून बघता येतो. पिल्लाच्या आईबापांची तोंडंही बघायला मागा. फोनची बॅटरी हेल्थ तपासल्याशिवाय आपण सेकंडहँड फोन घेत नाही. इथे तर बारा-पंधरा वर्षांचा जीव घरी आणायचा आहे.

‘पण माणसांचं काय?’

उरला तो दुसऱ्या गटाचा प्रश्न. देशात माणसांना दातांचे उपचार मिळत नाहीत, रस्त्यावर लाखो कुत्री उपाशी फिरतात, रेबीजचा प्रश्न सुटलेला नाही आणि आपण पाळीव कुत्र्याच्या सुळ्यावर चर्चा करतोय.

प्रश्न खोटा नाही. पण एखाद्या पिल्लाच्या टाळूतला दात न काढल्याने कुणा माणसाला दंतवैद्य मिळत नाही. ते पैसे तिकडे वळत नाहीत, ते स्नीकर्सकडे वळतात. शिवाय पाळीव कुत्रा हा ‘जगातल्या सगळ्या प्रश्नांपैकी एक’ नसतो. तो आपण स्वतःहून घरी आणलेला असतो. त्याला जंगल नाही, पर्याय नाही, बोलता येत नाही. त्याच्या वाट्याचा डॉक्टर शोधायचं काम फक्त आपल्याकडेच असतं.

पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो कॉलेजमध्ये असताना कुत्रा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने मनावर घ्यावा. पॉकेटमनी जमवून तीन मित्रांनी फ्लॅटवर पिल्लू आणायचं, हा प्लॅन ऐकायला भारी असतो. पण पिल्लाच्या किमतीला आपण खर्च समजतो आणि खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. दातांच्या बाबतीत तर वेळ हाच पैसा. तिसऱ्या महिन्यात दुधाचा दात काढणं आणि दोन वर्षांनी टाळूला पडलेलं भोक शिवणं, यातलं स्वस्त काय हे सांगायला कॉमर्सची डिग्री लागत नाही.

दातांचे विशेषज्ञ पशुवैद्य सगळ्या गावांत नाहीत, हेही खरं. पण सुरुवात करायला विशेषज्ञ लागत नाही. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळलाही शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. यापैकी एखाद्या ठिकाणी किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे लसीसाठी जाताना एवढंच म्हणायचं, ‘डॉक्टर, दातही बघा ना जरा. सुळे टोचत तर नाहीत ना?’ एवढं विचारायला काही खर्च येत नाही.

तर, आज काय करायचं?

घरात कुत्रा असेल, तर तो निवांत असताना त्याच्या शेजारी बसा. तोंड जबरदस्तीने उघडू नका. बाजूने फक्त ओठ उचला. खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या पुढच्या फटीत नीट बसलाय का? एका जागी दोन दात आहेत का? हिरडी कुठे लाल आहे का? पिल्लू असेल तर हे दोन महिन्यांचं, तीन महिन्यांचं, चार महिन्यांचं आणि सहा महिन्यांचं झाल्यावर परत बघा. अवघी अर्ध्या मिनिटाची गोष्ट आहे. (रस्त्यावरच्या किंवा अनोळखी कुत्र्यावर हा प्रयोग करायला जाऊ नका. त्याच्या दातांआधी तुमच्या हाताची काळजी घ्या.)

काही खटकलं, तर डॉक्टरकडे जा. तिथे ‘दिसायला बरं दिसेल का?’ हे विचारू नका. ‘याला दुखतंय का, आणि कमीत कमी त्रासात ते कसं थांबेल?’ हे विचारा. उत्तर तार असेल, चेंडू असेल किंवा दात काढणं असेल. जे असेल ते.

घरात कुत्रा नसेल आणि आणायचा विचार असेल, तर आधी सोसायटीच्या गेटवर, टपरीच्या बाकाखाली झोपलेल्या देशी पिल्लाकडे एकदा बघा. त्याचं तोंड माणसाने आपल्या हौसेपायी चेपलेलं नसतं. त्याचेही दात वाकडे असू शकतात, ते कुणाचेही असू शकतात. पण निदान ते तुम्ही ऑर्डर देऊन बनवून घेतलेले नसतील.